घरच्या ओव्हरलॉकला दोरा कोणता लावू?

ओव्हरलॉक म्हणजे कापडाची कड कापून गुंफणारी मशीन. माझी घरगुती, चार दोऱ्यांची: दोन सुया, दोन लूपर (कडेवर दोरा गुंफणारे आकडे). शिवते ते लहान मुलांचे होजिअरीचे कपडे आणि सुती कुर्ते. सुती कापडावर काही तक्रार नाही. होजिअरीवर मात्र वेग वाढवला की खालच्या लूपरचा दोरा तुटतो, आणि जो टाका बसतो त्याची कड मुलांना टोचते.

मशीनचा दाबपाय वर करून, दोरा टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या) चकत्यांत नीट बसवून सगळं नव्याने ओवलं. 80 नंबरची बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई लावली, टेन्शन उतरवून पाहिलं. मशीन साफ आहे, तेलही घातलंय. फरक नाही म्हटलं तरी चालेल.

सध्याचा दोरा म्हणजे पुण्याच्या रविवार पेठेतला साधा स्पन पॉलिएस्टरचा (आखूड तंतू पिळून केलेला) कोन. उजेडात धरला की लव दिसते, कुठे जाड, कुठे बारीक. दुकानदार म्हणाले, "ताई, सगळे हाच नेतात." नेत असतील, मुलांना टोचतो त्याचं काय?

टिकिट 120 चा (हा जाडीचा नंबर) कोअर-स्पन, म्हणजे अखंड गाभ्यावर तंतू गुंडाळलेला दोरा आणि लूपरला वुली नायलॉन, म्हणजे मऊ, फुगीर, ताणणारा दोरा, असं सुचवलं गेलंय. पण नायलॉनला कडक इस्त्री चालत नाही, आणि चार-चार कोन प्रत्येक रंगात घेणं परवडणारं नाही. पांढरा, काळा, करडा एवढेच घेणार.

तर वुली नायलॉन दोन्ही लूपरला लावायचा की फक्त वरच्या? त्यासाठी टेन्शन किती उतरवता? आणि पेठेत तो छोट्या कोनमध्ये सुटा कुठे मिळेल?