मदत हवी आहे : काळ्या कुड्याचं तेल जांभळं का होत नाहीये?

आईला सोरायसिस आहे, कोपर आणि गुडघ्यांवर. निदान त्वचारोगतज्ज्ञांनी केलंय, कॅल्सिपोट्रिऑल मलम चालू आहे आणि ते बंद करणार नाही. एका कोपरावर हे तेल लावून बघायला डॉक्टरांची हरकत नाही. पोटात काही द्यायचं नाहीये.

तमिळनाडूत सिद्धवैद्य (तिथल्या पारंपरिक सिद्ध पद्धतीचे वैद्य) काळ्या कुड्याच्या झाडाची पानं खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात. तेल गडद जांभळं झालं की तयार. आम्ही घाण्याचं खोबरेल घेतलं, पानं पुसून, तोडून घातली, बरणी रोज कडक उन्हात ठेवली. तरी रंग हिरवटच. म्हणून शंका येतेय की गावाकडून आलेली पानं पांढऱ्या कुड्याची असावीत. आमच्या कोकणात दोन्ही झाडं आहेत, चीक दोन्हींना पांढराच येतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. शेंगांवरून ओळखता येतं, काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पण सध्या झाडावर शेंगा नाहीत.

खात्री होईपर्यंत आईच्या कातडीला ते तेल लावणार नाही. ज्यांनी हे झाड जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा : शेंगा-फुलं नसताना नुसत्या पानांवरून काळा कुडा नक्की कसा ओळखायचा? आणि पानं बरोबर असूनही तेलाला रंग न येण्याचं दुसरं काही कारण असतं का?