मदत हवी आहे: डॅनिश वाचता येणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरच्या इत्तोक्कोर्तोर्मीत या गावावर मी मराठीत लेख लिहितेय. वस्ती जेमतेम साडेतीनशेची. समुद्र वर्षातले बरेच महिने गोठलेला, त्यामुळे मालाचं जहाज फक्त उन्हाळ्यात येतं. विमानतळावरून गावात जायचं तर हेलिकॉप्टर. एका फोटोत लाल-निळी लाकडी घरं आहेत आणि एका घराबाहेर दांडीवर चक्क पांढऱ्या अस्वलाचं कातडं वाळत घातलंय. माझी नजर तिथून हलेचना.

पण मला अडवलंय ते इतिहासाने. हे गाव आपसूक वसलेलं नाही. १९२५ मध्ये डॅनिश दर्यावर्दी आयनार मिकेलसन यांच्या पुढाकाराने सुमारे ८० इन्युइट (ग्रीनलंडच्या मूळ रहिवासी) माणसांना, बहुतेकांना दक्षिणेकडच्या अम्मासालिकहून, जहाजाने इथे आणलं. शिकार भरपूर मिळेल हे एक कारण. दुसरं म्हणजे नॉर्वेही पूर्व ग्रीनलंडवर हक्क सांगत होता; तो वाद १९३३ मध्ये हेगच्या न्यायालयात डेन्मार्कच्या बाजूने सुटला. म्हणजे या कुटुंबांचं तिथे राहणं हाच डेन्मार्कच्या हक्काचा एक पुरावा होता! आपलं गाव सोडताना त्या बायकापोरांना काय वाटलं असेल, हे मला त्यांच्याच शब्दांत वाचायचंय.

डेन्मार्कमध्ये राहणारं किंवा डॅनिश येणारं कुणी अशा आठवणी शोधून, चार-पाच पानं वाचून अर्थ सांगेल का? तिकडे कुणी जाऊन आलं असेल, तर गावाच्या नावाचा उच्चारही ऐकवा. लेखात तो चुकीचा जायला नको.