जिझिया नेमका किती, आणि कोणाला झेपायचा?

मांडवीकर, बडोदे
नमस्कार मंडळी. रावपुऱ्यातल्या आमच्या वाचकमंडळात ‘मुस्लिम राजवटींतले ज्यू’ हा विषय मांडायचा आहे. वाचावं तिथे एक तर सुवर्णयुग, नाही तर अखंड छळ. मला आकड्यांवरून बोलायचं आहे. जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा डोईकर, किती होता, माफ कोणाला होता? आणि कैरोच्या गेनिझातल्या (सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीतल्या) कागदांवर 1449 सारखं साल असतं, ते कुठलं?

दफ्तरी
बगदादचा खलिफा हारून अल-रशीदचा काझी अबू युसूफ दर देतो: वर्षाला श्रीमंताकडून 48 दिरहम, मध्यमाकडून 24, हातावर पोट असणाऱ्याकडून 12. शास्त्रातला दिरहम साधारण 3 ग्रॅम चांदीचा, म्हणजे 12 दिरहम सुमारे 36 ग्रॅम. बायका, मुलं आणि निर्धनांना हनफी मतात (अबू युसूफच्या, सुन्नी कायद्याच्या एका परंपरेत) माफी. वसुलीसाठी मारू नका, उन्हात उभं करू नका, असंही तो बजावतो. ते बजावावं लागलं, यातच काय ते आलं.

हे मात्र इजिप्तला जसंच्या तसं लावू नका. शाफिई मत, ही दुसरी सुन्नी परंपरा, निर्धनालाही सोडत नाही, आणि गेनिझातल्या पत्रांत फुस्तातची (जुन्या कैरोची) वसुली तशीच दिसते. कर भरल्याची पावती जवळ नसली की प्रवासात अटकेची भीती. वसुलीवाल्याच्या धास्तीने घरात दडून बसलेल्यांची मदतीची पत्रं आहेत. समाजाचा धर्मादाय पैसा त्यांच्या करापोटी जाई. व्यापाऱ्याला न जाणवणारी रक्कम मजुराचं कंबरडं मोडायची. माझ्या मते मांडणीचा गाभा हाच ठेवा.

तिथीवार
1449 हा सेल्युसिड सन, म्हणजे इ.स.पू. 312 पासून मोजलेला, ज्यूंच्या वापरातला सन. त्यातून 312 वजा करा. वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या तारखांना 311. म्हणजे 1137-38. कागदावर हिजरी साल असेल तर ही वजाबाकी साफ चुकते, आधी सन कोणता ते बघा.

ज्यू पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना असतो, 19 वर्षांत 7. हिजरीत तो नाही, म्हणून ते वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा लहान. कर हिजरी वर्षाने, सुगी सूर्याने. त्यामुळे 32 सुगींमागे जिझिया 33 वेळा.

मांडवीकर, बडोदे
फार उपयोगी. मग ‘उमरचा करार’ कितपत धरायचा?

दफ्तरी
नाव दुसऱ्या खलिफाचं, पण आज मिळतो तो मजकूर बराच नंतरचा. नवं प्रार्थनास्थळ नको, खोगिरावर बसू नये, पोशाख वेगळा हवा, अशी कलमं. अंमल राजागणिक बदले. इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिमच्या काळात फुस्तातचं बेन एझ्रा सिनेगॉग पाडलं गेलं, पुढे ते पुन्हा उभं राहिलं. त्याच्याच कोठीतून, म्हणजे गेनिझातून, अभ्यासक शेख्टर यांनी 1896-97 मध्ये सुमारे 1,93,000 तुकडे केंब्रिजला नेले.

उलट 1148 मध्ये स्पेनमधलं कोर्दोबा अल्मोहादांच्या (मोरोक्कोतल्या कट्टर राजवटीच्या) हाती गेलं आणि जिझिया भरून धर्म राखायची वाटच बंद झाली: धर्म बदला, नाही तर निघा. ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेसचं घराणं तिथून मोरोक्कोतल्या फेझमार्गे फुस्तातला आलं, आणि तिथे तो सलाहुद्दीनच्या वजिराचा वैद्य झाला. तेव्हा प्रत्येक विधानाला गाव, राजा आणि साल जोडा.

तिथीवार
आणि औरंगजेबाचा प्रश्न श्रोत्यांतून येणारच. 1679 च्या त्याच्या जिझियाच्या पायऱ्याही 48, 24, 12 याच होत्या. हनफी ग्रंथांतूनच घेतलेल्या.