ओस पडलेला चर्चेचा अड्डा पुन्हा चालता केलात का? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

हा धागा अनुभवांसाठी आहे. सल्ले येणारच, त्याला इलाज नाही, पण आधी अनुभव. विषय असा की हौसेने, पदरचा वेळ घालून चार-पाच जणांनी चालवलेली चर्चेची जागा, जिथे एकेकाळी रात्रीत शतकी धागे (शंभरावर प्रतिसाद आलेल्या चर्चा) व्हायचे आणि आता तेच ते आठ-दहा आयडी एकमेकांना "छान, पुलेशु" (पुढील लेखनाला शुभेच्छा) म्हणत बसलेत. अशी जागा सावरायला तुम्ही हात लावला असेल तर नेमकं काय केलं, त्याने काय झालं, काय अजिबात झालं नाही ते लिहा. जमलं नसेल तरी लिहा. फक्त "लोकांना हल्ली वाचायला वेळच नसतो" हे वाक्य नको, ते आपलं सगळ्यांचं पाठ आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही काही जण चावीची जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा अड्डा चालवतो. वर्दळ आटल्यावर अॅडमिन मंडळात जे सगळीकडे होतं तेच झालं, स्पर्धा घेऊ, लोगो बदलू, बॅज देऊ वगैरे. स्पर्धा झाली, जुन्यांनीच भाग घेतला, जुन्यांनीच जिंकली. मग आमच्यातल्या एकीने एक महाकंटाळवाणं काम अंगावर घेतलं. अलीकडे नोंदणी केलेल्या प्रत्येक नव्या आयडीचं पहिलं लेखन शोधून काढायचं, त्याला कोणी उत्तर दिलं का आणि ते माणूस परत दिसलं का, याची एक्सेल शीट. ती बघून चर्चाच बदलली. नवीन लोक येत होते की! विचारत होते, दोन-चार दिवस वाट बघून निघून जात होते. आणि त्या काळातला आमचा सगळ्यात चालता धागा कोणता, तर "नवीन पिढीला यात रस का नाही".

मग पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याने त्या दिवशी आलेल्या प्रत्येक पहिल्या पोस्टला उत्तर द्यायचं, आणि उत्तर म्हणजे "स्वागत आहे" नाही. ते काम बॉट आधीपासून करतच होता आणि त्याला कोणी भीक घालत नव्हतं. उत्तरात समोरच्याला परत लिहावं लागेल असा प्रश्न हवा. उदा. कोणी लिहिलं की घड्याळ अचानक खूप पुढे जायला लागलं, तर "होकायंत्र आहे का घरात? घड्याळाजवळ नेऊन सुई हलते का बघा" असं. (हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व आलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं.) माणूस होकायंत्र शोधतो, बघतो आणि सांगायला परत येतो. सांगायला परत आला की पुढचं बरंचसं आपोआप होतं. उत्तर येत नसेल तर ज्याला येतं त्याला टॅग करायचं, एवढाच नियम. बाकी सगळ्या उपायांनी मिळून जे झालं नाही ते या पाळ्यांनी झालं असं माझं ठाम मत आहे.

लिहा आता.

तारे_मोजणारा

मी आकाशनिरीक्षणाच्या एका जागेचं तांत्रिक बाजूचं बघतो, म्हणजे काही बिघडलं की शिव्या खातो. आमच्याकडे पडझड सुरू झाली ती सॉफ्टवेअरपासून. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीवर चालणारा फोरम, त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट २०१८ च्या अखेरीस बंद झाले, त्याच वर्षी जुलैपासून क्रोम एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक साइटवर "सुरक्षित नाही" असा शिक्का मारायला लागला, आणि नवीन माणूस तो शिक्का बघूनच पळायचा. एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, तरी ते लावायला कोणी जागेवर नव्हतं ही खरी अडचण.

नव्या सॉफ्टवेअरवर स्थलांतर करताना एकच हट्ट धरला, जुन्या प्रत्येक धाग्याचा पत्ता नव्या पत्त्यावर आपोआप वळला पाहिजे. खूप किचकट काम आहे, कोणी थँक्यू म्हणत नाही, पण नवा माणूस सर्च करून एखाद्या दहा वर्षं जुन्या धाग्यावर येतो, पहिल्या पानावर नाही. ते पत्ते तुटले तर दारच बंद.

दुसरं, विभाग. चाळीसेक विभाग होते, त्यातले बरेच असे की शेवटचा प्रतिसाद तीन वर्षांपूर्वीचा. ते सगळे पाच विभागांत ओतले. लिहिणारे तेवढेच, लिखाण तेवढंच, पण जागा भरलेली दिसायला लागली आणि भरलेल्या जागी लोक लिहितात. हे सगळ्यात स्वस्त काम आहे, एका संध्याकाळचं.

तिसरं, स्पॅम. कॅप्चा काढून नोंदणीला विषयातलाच एक सोपा प्रश्न ठेवला, "शनीभोवती काय असतं?" या छापाचा. तेव्हा खोट्या आयडींचा लोंढा बऱ्यापैकी थांबला होता, आता बॉट असल्या प्रश्नांची उत्तरं आरामात देतात त्यामुळे तो प्रश्न किती दिवस पुरेल सांगता येत नाही. शिवाय सध्या एआयवाल्यांचे क्रॉलर (पानं आपोआप वाचत फिरणारे प्रोग्रॅम) सगळे जुने धागे इतक्या जोरात उपसतात की खरी माणसं पाच आणि सर्व्हर मात्र घायकुतीला आलेला.

बाकी नवीन थीम लावली म्हणून लिहायला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काट्यावर_काटा

पाळ्यांबद्दल +१, मी त्याच घड्याळवाल्या जागेवरचा जुना आयडी. पण धागाकर्तीने एक मोठी गोष्ट सोडली ती मी सांगतो.

आमच्या उत्तमोत्तम धाग्यांत पायरीपायरीचे फोटो होते, आणि ते सगळे एका फुकट फोटो साठवणाऱ्या साइटवर. २०१७ मध्ये त्या साइटने बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायचे तर वर्षाला ३९९ डॉलर भरा म्हणून सांगितलं आणि एका रात्रीत सगळीकडे राखाडी चौकोन. "आता हा स्क्रू फोटोत दाखवल्याप्रमाणे उलटा फिरवा", आणि खाली चौकोन.

ते फोटो परत मिळवायची मोहीम काढली आणि तिथे मजा झाली. जुने, न फिरकणारे लोक होते त्यांना याआधी "या हो परत, तुमची आठवण येते" छापाच्या ईमेल गेल्या होत्या, एकाचंही उत्तर नाही. या वेळी मेल अशी की "तुमच्या अमुक धाग्यातला चौथा आणि सातवा फोटो गेलाय, तुमच्या हार्ड डिस्कवर आहे का?" बघता बघता उत्तरं यायला लागली. लोकांनी जुने फोल्डर उपसले, फोटो पाठवले, आपलाच जुना धागा वाचला, त्यात कोणीतरी अनुत्तरित ठेवलेला प्रश्न दिसला, त्याला उत्तर दिलं, झालं. काही जण पुन्हा गायब झाले पण काही टिकले. माणसाला नुसतं बोलावलं तर संकोच वाटतो, काम सांगितलं की येतो.

चावी_कोणाकडे

थोडक्यात लिहितो. आमचं डोमेन एकाच माणसाच्या नावावर, पैसे त्याच्याच कार्डवरून, आणि नूतनीकरणाच्या सूचना जाणार त्या ईमेलवर जो त्याच डोमेनवर चालायचा. कार्डची मुदत संपली, डोमेन बंद, म्हणजे ईमेलही बंद, आणि तो माणूस संपर्कात नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनना मुदत संपून ते रद्द झाल्यावरही सोडवून घ्यायला ३० दिवसांची खिडकी असते, जादा पैसे भरून. त्या खिडकीत कसंबसं बसवलं. आता पासवर्ड कायम दोघांकडे, आणि दरवर्षी एकाने बाहेर पडून तिसऱ्याने आत यायचं. आत्ता आपल्या जागेचा संपर्काचा ईमेल कुठला आहे ते जाऊन बघा, मग पुढचे प्रतिसाद वाचा.

वाचनमात्र

मी सावरणाऱ्यांपैकी नाही, मी ती आहे जिला तुम्ही सगळे शोधताय :) बरीच वर्षं एका भाषा शिकणाऱ्यांच्या जागेवर फक्त वाचत होते. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला तो ९०-९-१ चा ढोबळ नियम ऐकला असेल, नव्वद जण वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सगळा भार वाहतो. त्या नव्वदांना लोक आळशी समजतात. मी आळशी नव्हते, मी घाबरत होते. कारण कोणीही काही विचारलं की पहिला प्रतिसाद ठरलेला, "यावर चर्चा झालेली आहे, शोध घ्या". शोध घेतला तर सापडणार पंधरा पानी धागा, ज्यात तेरा पानं कंपूतल्या लोकांची आपसातली थट्टा. दोन जुने आयडी एकमेकांना टोमणे मारतायत, त्याचा संदर्भ कुठल्यातरी पुरातन भांडणात, मी मध्ये जाऊन क्रियापदाबद्दल विचारू?

मी लिहिती कशी झाले तर एका मॉडरेटरने दर आठवड्याला एक धागा काढायला सुरुवात केली, "या आठवड्यात कुठे अडलात? एका ओळीत लिहा". एका ओळीत. अभ्यासपूर्ण लेख नको, पार्श्वभूमी नको, आणि त्या धाग्यात "आधी शोधा" म्हणायला बंदी. तिथे मी पहिली ओळ लिहिली. त्या धाग्यातले प्रश्न खरंच बाळबोध असायचे, जुन्यांनी नाकं मुरडली, पण आता त्या जागेवर रोज लिहिणाऱ्यांत त्या धाग्यातून आलेले बरेच आहेत.

दोन_आणे

वाचनमात्र, तुमचं पटलं. मी विकिपीडियावर जमेल तसं संपादन करतो, तिथलीही गोष्ट हीच. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ च्या सुमारास सर्वांत जास्त होते, मग घसरण. २०१३ मधल्या एका अभ्यासात त्याचं एक मोठं कारण असं निघालं की तोडफोड रोखायला केलेली अर्धस्वयंचलित साधनं आणि साचेबंद इशारे चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांनाही तितक्याच झपाट्याने उडवत होते. २०१२ मध्ये तिथे टीहाउस सुरू झालं, नवख्यांनी काहीही विचारायचं आणि माणसांनी माणसासारखं उत्तर द्यायचं.

पण उलटी बाजूही आहे बरं. युजनेटवर (इंटरनेटवरची जुनी चर्चेची व्यवस्था) दर सप्टेंबरला कॉलेजात नव्याने आलेली पोरं घुसायची, जुने लोक त्यांना रीत शिकवायचे आणि महिन्याभरात सगळं शांत व्हायचं. १९९३ नंतर लोंढा इतका वाढला की शिकवणारे कमी पडले, त्या सप्टेंबरला "न संपणारा सप्टेंबर" म्हणतात. त्यामुळे जाहिरात करून एकदम गर्दी आणू नका. पाळीवर जितकी माणसं आहेत तितकेच नवे पचतात.

मॉडरेटर_निवृत्त

आता जरा कडू लिहितो. आमच्याकडे एक आयडी होता, ज्ञान अफाट, रोज लिहिणार, लांबलचक आणि अचूक उत्तरं. आणि प्रत्येक उत्तरात समोरच्याची लायकी काढणार. मंडळात नेहमी एकच युक्तिवाद, "पण तोच तर सगळ्यात जास्त लिहितो". शेवटी एका मॉडरेटरने लक्षात आणून दिलं की तो ज्या धाग्यावर येतो तिथे त्याच्यानंतर दुसरं कोणी लिहीतच नाही. म्हणजे तो जास्त लिहितो हे खरंच, कारण बाकीचे थांबलेत. समज दिली, डुआयडी (दुसऱ्या नावाचा आयडी) काढून परत आला, पुन्हा तेच, मग कायमचं बाहेर. पहिले काही आठवडे स्मशानशांतता होती. नंतर जे लोक उत्तर माहीत असून गप्प बसायचे ते हळूहळू लिहायला लागले.

जुना_खेळाडू

>> पहिले काही आठवडे स्मशानशांतता

आमच्याकडे ती शांतता संपलीच नाही. बुद्धिबळाच्या कोड्यांची जागा, असाच एक तिखट आयडी काढला, त्याच्याबरोबर त्याचे चार मित्र गेले आणि रोज कोडी टाकणारे तेच होते. तेव्हा सरसकट फॉर्म्युला करू नका. आधी बघा की त्याचं काम उचलायला कोण आहे.

मॉडरेटर_निवृत्त

मान्य. आमच्याकडे उचलणारे होते, गप्प होते एवढंच. तुमच्याकडे ते नसतील तर वेगळं गणित.

अवांतर_फार

आमची मंडळी कंटाळून चॅट अॅपवर गेली. पहिले काही महिने काय उत्साह! मग कळलं की तोच प्रश्न दर आठवड्याला येतो, उत्तर देणारा तोच, आणि मागचं उत्तर वर कुठेतरी वाहून गेलेलं. आता एक जण आठवड्यातून एकदा चॅटमधली चांगली उत्तरं वेचून, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, जुन्या जागेवर धागा करून टाकतो. चॅट गप्पांना, धागे साठवणीला. हे बरं चाललंय, तो एक जण थकेपर्यंत तरी.

आणि परक्या जागेवर बिऱ्हाड थाटणाऱ्यांनी याहू ग्रुप्स आठवा. २०१९ मध्ये जुनं लिखाण काढून टाकायचं जाहीर झालं, १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद. २०२३ च्या जूनमध्ये रेडिटवर हजारो ग्रुप निषेध म्हणून बंद ठेवले होते, तेव्हाही मॉडरेटर फुकट राबणारे असले तरी शेवटचा शब्द कंपनीचाच हे दिसलं.

दिवा_मालवणारी

बंद केल्याचा अनुभव चालेल ना? आम्ही दुर्मिळ आजाराच्या रुग्णांच्या नातेवाइकांची जागा चालवत होतो. मॉडरेटर सगळ्या स्वतःच काळजीवाहू, रात्री जागून आलेल्या. पाळ्या लावायला माणसं नव्हती आणि अशा जागेवर एखादा प्रश्न अनुत्तरित राहणं किंवा चुकीचं उत्तर तसंच पडून राहणं परवडत नाही. म्हणून ठरवून बंद केली. तारीख आधी जाहीर केली, लोकांना स्वतःचं लिखाण काढून घ्यायला किंवा खोडायला वेळ दिला, खाजगी निरोप पूर्ण पुसले, आणि उरलेल्याची साधी एचटीएमएल पानं करून ठेवली, लॉगिन नाही, डेटाबेस नाही. वर ठळक सूचना की औषधांची माहिती जुनी आहे, डॉक्टरांना विचारा. मला याचं वाईट वाटत नाही. सगळ्याच जागा जगवायच्या असतात असं नाही.

तारे_मोजणारा

@दिवा_मालवणारी, चालेल काय, धावेल. एक तांत्रिक शंका, साध्या पानांत सर्चचं काय केलंत? आमचाही एक जुना विभाग असाच गोठवायचाय.

दिवा_मालवणारी

विषयवार अनुक्रमणिका हाताने केली. पेजफाइंड नावाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच सर्च चालतो, सर्व्हरला काही लागत नाही. मराठी शब्दरूपं सगळी पकडत नाही, म्हणून अनुक्रमणिका ठेवाच.

धागाकर्ती

सगळ्यांना धन्यवाद, संपर्काचा ईमेल बघून आले, आमचाही त्याच डोमेनवर निघाला, आज बदलतेय. जुना_खेळाडू, तुमच्या कोड्यांच्या जागेवर सध्या काय परिस्थिती आहे? पाळीला एक-दोन जण तरी आहेत का, की तुम्ही एकटेच?

जुना_खेळाडू

मी आणि अजून एक. दोघांत आठवडा वाटून घेतो म्हणतो. बघू, पुढच्या महिन्यात इथेच लिहितो काय झालं ते.