रोमन प्रवासमार्गांचा ‘ऑर्बिस’ नकाशा वर्गात कितपत विश्वासाने वापरावा?

प्रश्न (रेवदंडा)
मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१२ मध्ये खुला केलेला ‘ऑर्बिस’ हा नकाशा मुलांना दाखवावा, असा विचार आहे. इ. स. २०० च्या सुमाराच्या रोमन साम्राज्यातील ६३२ ठिकाणे त्यात आहेत. दोन ठिकाणे, महिना आणि वाहन निवडले की प्रवासाचे दिवस व खर्च समोर येतात. हे आकडे मुलांनी इतिहास म्हणून उतरवून घ्यावेत का? शिवाय आपले चौल बंदर त्यात नाही, ही उणीव मानावी का?

उत्तर (रत्नागिरी)
मॅडम, ते आकडे कोणी केलेल्या प्रवासाच्या नोंदी नसून गणिताने काढलेल्या सरासऱ्या आहेत, हे आधी मुलांना सांगावे. मार्ग इ. स. २०० चे, तर खर्चाचा मुख्य आधार रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या इ. स. ३०१ च्या दरपत्रकाचा. त्यामुळे दीनारांच्या (रोमन नाण्यांच्या) रकमेवर भिस्त ठेवू नये. मात्र तेच धान्य गाडीरस्त्याने नेण्यापेक्षा समुद्राने कितीतरी स्वस्तात जात असे, हे प्रमाण भरवशाचे आहे.
नकाशा पारखायचा असेल, तर रोम ते इजिप्तमधील अलेक्झांड्रिया हा मार्ग उन्हाळ्यात जाताना आणि येताना, असा दोन्ही बाजूंनी काढून पाहावा. तिकडे उन्हाळ्यात वायव्येचे वारे वाहतात. त्यामुळे जाणारे जहाज वाऱ्यासोबत सुटे, तर इजिप्तचे धान्य घेऊन रोमकडे परतणाऱ्याला वाऱ्याशी झगडत यावे लागे. इटलीतील पुतेओली बंदराहून नवव्या दिवशी अलेक्झांड्रिया गाठल्याचे रोमन लेखक प्लिनी लिहितो, पण तो विक्रम म्हणून.

उत्तर (मालवण)
याला ऋतूची जोड द्यावी. ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र जहाजांसाठी बंद, असे रोमन लेखक वेगेटियस सांगतो. आपल्याकडे मात्र होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढल्या जातात. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या शांत होण्याची वाट पाहणाऱ्या घरांतील मुलांना महिना बदलून पाहण्यातले मर्म चटकन कळेल.
चौलबाबत म्हणाल, तर नकाशाची हद्द साम्राज्यापुरती आहे, म्हणून ती चूक नव्हे. पण रोमन व्यापार त्या हद्दीवर थांबत नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख येतो. भारताकडे येणारी जहाजे इजिप्तहून जुलैत निघावीत, असेही त्यात म्हटले आहे, म्हणजे नैर्ऋत्य वाऱ्यावर समुद्र ओलांडून ती आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरू लागलेला असे. हा टप्पा मुलांनी कागदावर स्वतः काढून नकाशाला जोडावा.