मदत हवी आहे: कॅसेटमधली आजी खारीसारखी बोलते

घरी १९८४ सालची एक सी-६० कॅसेट सापडली. इंदुरात, रामबागेतल्या जुन्या घरी आजोबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून विविध भारतीची गाणी भरलेली. ए साइड सुरुवातीला ठीक वाजते, पण पुढे पुढे वेग चढत जातो. शेवटचं चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटांतच आटपतं! मधूनच आजी ओरडते, "अहो, दूध उतू गेलं!" तेही अगदी खारीच्या आवाजात.

प्लेअरचा दोष नाही. नवीन बेल्ट घातला, हेड स्पिरिटनं पुसलं, विकतच्या कॅसेटी सुरात वाजतात. माझा अंदाज असा की भरताना सेल उतरत गेले, टेप हळू फिरली, म्हणून आता नीट वेगावर ती पळते. (सेल वाचवायचे म्हणून आजोबा ते उन्हात ठेवत. गुण आला नसावा.)

लॅपटॉपवर साइड उतरवून घेतली आहे. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्याचा वेग एकसारखा कमी केला, तर शेवट सुधारतो पण सुरुवातीचा गायक पेंगायला लागतो. तुकडे पाडून केलं, तर जोडावर सूर उडी मारतो. गाणी नेटवर मिळतील हे ठाऊक आहे, पण दूध नाही मिळणार. पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर नको आणि कॅसेट कुरिअरनं पाठवायची नाही.

तर सुरुवातीला शून्य आणि शेवटी पंचवीस टक्के, असा वेग सलग उतरवत न्यायचा कसा? आणि सेल एकसारखे उतरतात, की शेवटी एकदम मान टाकतात?