प्रति: कप्तानानं सख्ख्या भावाला आत पाठवावं का?

तुमच्या कथेतल्या यानाच्या अणुभट्टीत गळती आहे, आत जाऊन ती बुजवणारा एकच जाणकार आणि तो कप्तानाचा भाऊ. बहुतेकांनी "कर्तव्य आधी" म्हटलंय. मला हा पेच जरा सोपाच वाटतो. धोका कळल्यावर माणूस काहीतरी ठरवतोच. कळायच्या आधी नातं काय करतं, ते बघा.

माझे वडील बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आतलं पाणी गेज ग्लासमध्ये, म्हणजे बाहेर लावलेल्या काचेच्या नळीत दिसतं. पण तिची वाट क्षारानं चोंदली, तर पाणी उतरलं तरी काच निवांत जुनीच पातळी दाखवते. म्हणून दर पाळीला ती ब्लो करून बघायची, म्हणजे काच रिकामी करून पाणी परत झटकन चढतं का ते बघायचं. एकदा पाळी बदलताना आधीच्या पाळीवरचे मामा म्हणाले, "दाजी, आत्ताच केलीय की. इस्वास नाही व्हय?" वडिलांनी तरी केली. पाणी काचेत परत चढायला लईच वेळ लागला, म्हणजे वाट चोंदत आली होती. मामा दोन वर्षं आमच्याकडं जेवले नाहीत. (आईचे हाल वेगळेच.)

चंद्राकडं निघालेल्या अपोलो १३ यानातही आकड्यानं असंच फसवलं. ऑक्सिजनच्या टाकीतला हीटर बंद करणारे स्विच २८ व्होल्टचे, उड्डाणाआधी तळावर वीज दिली ६५ व्होल्टची. स्विच चिकटले, हीटर चालूच राहिला. टाकी आतून भाजली, पण तापमापक ठरावीक आकड्यापुढं जातच नव्हता. एप्रिल १९७० मध्ये ती वाटेत फुटली.

तेव्हा कप्तानाला आधी भावाची नोंदवही तपासायला लावा. भावासमोर.